रँडमला न येणारा शब्द

गेल्या मे महिन्यात भाची सुट्टीला आली होती. रेवाची नुकतीच बारावी झाली होती, आणि इंजिनिअरिंगचे वर्ग सुरू व्हायच्या आत तिला जावा शिकून घ्यायची घाई होती. दुपारी सगळे लवंडले की ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसायची. त्या दिवशी तिने नवशिक्यांना हमखास दिला जाणारा प्रोग्राम लिहिला होता. इंग्रजी बाराखडीतलं कोणतंही एक अक्षर उचलायचं, त्याच्याशेजारी दुसरं, मग तिसरं, आणि अर्थ नसलेली एक अक्षरमाळ तयार करायची. जावात हिला रँडम स्ट्रिंग म्हणतात. पासवर्ड, कूपन कोड, तात्पुरत्या फाइलचं नाव अशा शंभर ठिकाणी ती लागते.

प्रोग्राम चालला. पडद्यावर माळ उमटली: ए, एच, डब्ल्यू आणि पुढे आणखी काही. रेवाने पुन्हा चालवला. ए, एच, डब्ल्यू. लॅपटॉप बंद करून चालू केला. ए, एच, डब्ल्यू.

"मामा, हा तर पाठ करून बसलाय!"

मी खुर्ची ओढून बसलो. तिचं काही चुकलं नव्हतं. जावातल्या ‘रँडम’ नावाच्या वस्तूला जन्म देताना तिने कंसात ४२ हा आकडा लिहिला होता, कुठल्याशा उदाहरणातून उतरवलेला. तुम्हीही तुमच्या संगणकावर रँडमला ४२ द्या, सव्वीस अक्षरांतून निवडायला सांगा, आणि पहिली तीन अक्षरं बघा. पुण्यात, पणजीत, शिकागोत, कुठेही ए, एच, डब्ल्यूच येतील.

आधी तिचा प्रोग्राम बघू, कारण तो फार सोपा आहे. त्यात तीन पात्रं आहेत. पहिलं, अक्षरांची पट्टी: ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत सव्वीस अक्षरांची एक स्ट्रिंग. दुसरा, आकडा काढून देणारा रँडम. तिसरा, आलेली अक्षरं गोळा करणारा स्ट्रिंगबिल्डर. जावातली स्ट्रिंग एकदा घडली की बदलत नाही. तिला अधिकचं चिन्ह लावून अक्षर जोडलं, तर प्रत्येक वेळी जुनी टाकून नवी घडवावी लागते. स्ट्रिंगबिल्डर मात्र पिशवीसारखा असतो, त्यात टाकत जायचं आणि शेवटी एकदाच ‘टूस्ट्रिंग’ म्हणायचं. मग लूप: दहा अक्षरं हवी असतील तर दहा वेळा रँडमला ‘नेक्स्टइंट’ विचारायचं, कंसात २६ लिहायचं, येईल त्या क्रमांकाचं अक्षर पट्टीवरून ‘चारअ‍ॅट’ने उचलायचं आणि पिशवीत टाकायचं.

गोम त्या २६ मध्ये आहे. जावा मोजायला शून्यापासून सुरुवात करते, म्हणून कंसात २६ लिहिलं की ० ते २५ यांपैकी आकडा येतो. नवशिका बरेचदा ‘शेवटचा क्रमांक २५’ असा विचार करून कंसात २५ लिहितो. प्रोग्राम निमूट चालतो, फक्त त्याच्या माळांमध्ये ‘झेड’ कधीच येत नाही, आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही. २७ लिहिलं तर उलट गंमत: प्रोग्राम कधी छान चालतो, कधी पट्टीबाहेर पाय पडून कोसळतो. रोज कोसळणारी चूक परवडली, अधूनमधून कोसळणारी शोधता शोधता नाकी नऊ येतात.

आता हा रँडम पोटात करतो तरी काय? रेवाने विचारलं, म्हणून आम्ही कागदावर करून बघितलं. तुम्हीही करा, त्यातली मजा वाचून कळत नाही.

रँडमच्या पोटात एकच संख्या असते, ४८ बिटांची. तिला सीड म्हणतात, म्हणजे बी. आपण ४२ दिलं की तो आधी २५,२१,४९,०३,९१७ या ठरलेल्या संख्येशी त्याच्या बिटांची एक्सऑर नावाची उलथापालथ करतो. निघतात २५,२१,४९,०३,८७९. पुढची कृती गिरणीसारखी आहे, दाणा वरून टाकायचा आणि पीठ खालून घ्यायचं. या बीला पुन्हा त्याच २५,२१,४९,०३,९१७ ने गुणायचं आणि ११ मिळवायचे. उत्तर येतं ६३५७९१३७८५८५३७५५९४०५४, एकवीस आकडी. त्याला २ च्या ४८ व्या घाताने भागून फक्त बाकी ठेवायची: २०,४७,९०,९७,३१,९१,७५०. ही झाली नवी बी, पुढच्या दळणासाठी राखून ठेवलेली. तिचे खालचे १७ बिट झटकून टाकले की उरतात १,५६,२४,३१,१३०. याला २६ ने भागा. नि:शेष भाग जातो, बाकी शून्य. शून्य क्रमांकाचं अक्षर, ‘ए’.

नव्या बीवर हीच कृती पुन्हा केली की बाकी ७ येते. ए शून्य धरला तर सातवा ‘एच’. तिसऱ्या दळणात बाकी २२, म्हणजे ‘डब्ल्यू’. रेवाने कॅल्क्युलेटर खाली ठेवला आणि पडद्याकडे पाहिलं. दुपारभर जे अगम्य वाटत होतं, ते पाचवीतल्या गुणाकार-भागाकाराने उलगडलं होतं.

ही पद्धत अमेरिकी गणितज्ञ डी. एच. लेमर यांची. डोनाल्ड क्नूथ यांनी आपल्या गाजलेल्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात तिचं सविस्तर वर्णन केलं, आणि जावाच्या अधिकृत दस्तऐवजात या दोघांचीही नावं आहेत. गुणक कोणता, मिळवायचे किती, किती बिट टाकायचे, सगळं तिथे उघडपणे लिहून ठेवलंय. मुद्दामच. जावा कोणत्याही यंत्रावर सारखीच चालावी ही तिची प्रतिज्ञा, म्हणून रँडमनेही सगळीकडे तेच आकडे द्यायला हवेत.

या गिरणीतला एक बारकावा मला फार आवडतो. रँडम पहिल्यांदा काढतो ती संख्या ० ते २,१४,७४,८३,६४७ यांच्यामध्ये असते. एकूण संख्या २,१४,७४,८३,६४८. यांचे सव्वीस-सव्वीसचे गठ्ठे करायला घेतले, तर शेवटी २४ संख्या उरतात. त्या तशाच वापरल्या तर पहिल्या चोवीस अक्षरांना प्रत्येकी एक जादा संधी मिळेल, आणि ‘वाय’ व ‘झेड’ बिचारे मागे राहतील. फरक आठ-साडेआठ कोटींत एकाचा, कोणाला कळणारही नाही. पण ‘नेक्स्टइंट’ला तो चालत नाही. त्या चोवीसांपैकी एखादी संख्या आली, तर तो ती फेकून देतो आणि पुन्हा दळतो. वाटणी करताना उरलेला लाडू कोणालाच न देणारी आजी आठवते.

म्हणजे रँडम निष्पक्ष आहे, पण अनपेक्षित नाही. हा फरक कळायला पंचांग बघावं. पुढच्या वर्षीची संकष्टी कोणत्या वारी येणार हे मला माहीत नसतं, म्हणून मला ती अचानक आल्यासारखी वाटते. पंचांगकर्त्याला ती आजच ठाऊक असते, कारण त्याच्याकडे गणित आहे. रँडमची माळ ही अशी पंचांगातली तिथी आहे. एकदा बी ठरली की पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं ठरलं. पेरावं तसं उगवतं, ही म्हण इथे अक्षरशः खरी.

कंस मोकळा ठेवला तर? मग जावा यंत्राच्या सूक्ष्म घड्याळाचा नॅनोसेकंदांतला आकडा घेते, त्यात दर वेळी बदलणारी आणखी एक संख्या मिसळते आणि त्याची बी करते. रेवाने ४२ खोडलं आणि माळ दर वेळी नवी येऊ लागली. तिला वाटलं, प्रश्न मिटला. मी म्हटलं, गंमत आता सुरू होते.

जावा लिहिणाऱ्यांमध्ये एक छोटा प्रोग्राम दंतकथेसारखा प्रसिद्ध आहे. त्यात रँडमला −२२,९९,८५,४५२ ही बी दिली आहे. दर वेळी ० ते २६ यांपैकी आकडा मागायचा. १ आला तर ‘ए’, २ आला तर ‘बी’, आणि शून्य आलं की थांबायचं. चालवलं की रँडम उमटवतो: हेलो. मग −१४,७९,०९,६४९ ही दुसरी बी. रँडम म्हणतो: वर्ल्ड. प्रत्येक प्रोग्रामरच्या आयुष्यातलं पहिलं वाक्य, आणि तेही यदृच्छेच्या तोंडून! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

पण गणित केलं की काटा उतरतो आणि त्याहून मोठं नवल समोर येतं. ‘हेलो’ इंग्रजीत लिहायला पाच अक्षरं लागतात, त्यावर थांबण्याचं एक शून्य. सहा वेळा सत्तावीसांतून एकच नेमका आकडा यायला हवा. अशा शक्यता २७ चा सहावा घात, म्हणजे सुमारे ३८ कोटी ७४ लाख. जावातली साधी पूर्णांक संख्या ३२ बिटांची असते, तिच्या बिया ४२९ कोटींहून अधिक. भागाकार करा: पाच अक्षरी प्रत्येक शब्दाच्या वाट्याला सरासरी अकरा बिया येतात. ‘हेलो’ सापडला यात नवल नाही, शोधणाऱ्याने नेटाने एकेक बी तपासली इतकंच. नवल याचं की पाच अक्षरी कोणताही शब्द त्या गिरणीत असा कुठेतरी दडलेला असणार.

हे ऐकल्यावर रेवाने पहिलं काय केलं असेल? स्वतःचं नाव शोधायला घेतलं. इंग्रजीत चार अक्षरं आणि एक शून्य, म्हणजे सरासरी एक कोटी त्रेचाळीस लाख बियांमागे एकदा. चहा उकळेपर्यंत लॅपटॉपने तिचं नाव काढून दिलं. मग आम्ही कागदावर नकाशा मांडला. या वेळी पूर्ण ४८ बिटांच्या बिया धरल्या. त्यांची संख्या २८,१४,७४,९७,६७,१०,६५६, म्हणजे २८१ लाख कोटींच्या वर. ‘मराठी’ हा शब्द इंग्रजी लिपीत सात अक्षरांचा. असा शब्द म्हणणाऱ्या बिया सरासरीने जवळपास हजार. ‘कोल्हापूर’ आठ अक्षरांचं: सुमारे ३७ बिया. ‘रत्नागिरी’ नऊ अक्षरांचं: १.४ पेक्षाही किंचित कमी. म्हणजे असेल तर एखाददुसरी बी, आणि कदाचित एकही नाही.

आणि ‘महाराष्ट्र’? इंग्रजीत अकरा अक्षरं आणि वर एक शून्य. शक्यता २७ चा बारावा घात, म्हणजे दीड लाख कोटी गुणिले एक लाख. बिया मात्र तेवढ्याच, २८१ लाख कोटी. हिशेबाने असा अकरा अक्षरी शब्द रँडमच्या सुरुवातीला येण्याची संधी पाचशे तेहतीसांत एक. म्हणजे बहुधा, कितीही बिया पेरा, कितीही वर्षं दळत बसा, रँडम पहिल्याच दमात ‘महाराष्ट्र’ कधीच म्हणणार नाही. दुर्मीळ म्हणून नव्हे. तो शब्द त्याच्या जगातच नसेल म्हणून.

रेवा बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे पासवर्डचंही असंच?"

अगदी बरोबर. लहान लिपी, मोठी लिपी आणि आकडे मिळून ६२ चिन्हं होतात. त्यांच्या आठ चिन्हांच्या माळा २१८ लाख कोटी. हा आकडा रँडमच्या बियांपेक्षा थोडा कमी, इथवर ठीक. पण माणूस सावध होतो आणि म्हणतो, वीस चिन्हांचा पासवर्ड करू. वीस चिन्हांच्या माळा सात या आकड्यावर पस्तीस शून्यं एवढ्या. त्यातल्या रँडमला येतात किती? तेवढ्याच, २८१ लाख कोटी. बाकीच्या माळा कधी जन्मालाच येत नाहीत. मुद्दा एवढाच की माळेची लांबी तिची ताकद सांगत नाही, ताकद बीमध्ये असते. वीस अक्षरांचा पासवर्ड दिसायला किल्ला असतो, पण त्याला आठ अक्षरांचंच कुलूप असू शकतं.

शत्रूला तेवढंही शोधावं लागत नाही. ‘नेक्स्टइंट’ कंस मोकळा ठेवून विचारला, तर तो बीचे वरचे ३२ बिट जसेच्या तसे देतो. झाकलेले उरतात फक्त १६. त्यांच्या शक्यता ६५,५३६. दोन लागोपाठचे आकडे हाती आले, की हे सगळे पर्याय तपासून खरी बी ओळखायला आजच्या लॅपटॉपला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. त्यानंतर पुढची प्रत्येक माळ तो तुमच्या आधी म्हणेल.

ही भीती पुस्तकी नाही. लिनक्सच्या डेबियन या आवृत्तीत २००६ साली ओपनएसएसएल नावाच्या सुरक्षेच्या साधनातली एक ओळ काढून टाकली गेली. त्या ओळीतूनच बीमध्ये खरी यदृच्छा मिसळली जात होती. मे २००८ मध्ये चूक उघड झाली, तोवर बीमध्ये जवळजवळ फक्त प्रोसेसचा क्रमांक उरला होता, आणि तो जास्तीत जास्त ३२,७६८. त्या दोन वर्षांत बनलेल्या किल्ल्या दोन-दोन हजार बिटांच्या होत्या, दिसायला भक्कम. पण एका प्रकारच्या यंत्रावर त्या लांबीच्या सगळ्या मिळून एका गावच्या मतदारयादीएवढ्याच.

मग पासवर्डसाठी काय वापरायचं? जावात त्याला ‘सिक्युअररँडम’ म्हणतात. तो रँडमचाच वारस, म्हणून त्यालाही ‘नेक्स्टइंट’ त्याच शब्दांत विचारता येतं. रेवाच्या प्रोग्राममध्ये एक शब्द बदलावा लागला, आणि वर एक इम्पोर्टची ओळ. बाकी सारं तसंच. पण आत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सिक्युअररँडम बी मागायला ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातो. लिनक्ससारखी सिस्टिम रात्रंदिवस खऱ्या जगातल्या खोड्या गोळा करत असते: यंत्राच्या सुट्या भागांकडून येणाऱ्या सूचना नेमक्या कोणत्या क्षणी आल्या, डिस्कने उत्तर द्यायला किती वेळ घेतला, प्रोसेसरमधल्या उष्णतेच्या थरथरीतून कोणते बिट निघाले. या अनिश्चिततेला एन्ट्रॉपी म्हणतात. रँडम पंचांग असेल, तर हा पाऊस आहे. पंचांगात नक्षत्राचं वाहन छापलेलं असतं, बेडूक की हत्ती, पण पाऊस ते वाचून पडत नाही.

पावसालाही विहीर नीट लागते, हे खरंच. ऑगस्ट २०१३ मध्ये अँड्रॉइडवरच्या सिक्युअररँडमला सुरुवातीची एन्ट्रॉपी नीट पोचत नसल्याचं उघड झालं, आणि काही बिटकॉइन वॉलेटमधून पैसे गेले. कोरड्या विहिरीवर कितीही भारी पंप बसवा, पाणी येत नाही.

कूपन कोडाला मात्र वेगळीच काळजी: कोणी ओळखण्यापेक्षा, दोघांना एकच कोड मिळण्याची. सहा अक्षरी कोड करा, सगळी लहान लिपी. एकूण ३०,८९,१५,७७६ कोड होतात, तीस कोटींच्या वर. तर पहिली टक्कर होईपर्यंत किती कोड वाटता येतील? अंदाजे वीस हजार सातशे झाले की दोन कोड सारखे असण्याची शक्यता निम्मी होते. तेवीस माणसांच्या लग्नातल्या पंगतीत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याचं गणित हेच. म्हणून कोड वाटताना आधी दिलेल्यांच्या यादीत तो नाही ना, हे तपासायचं. हे नको असेल तर जावाच्या ‘यूयूआयडी’ला हात जोडावे. त्याचा ‘रँडमयूयूआयडी’ छत्तीस चिन्हांची माळ देतो. त्यातले चार डॅश, आणि तिसऱ्या गटाचं पहिलं चिन्ह नेहमी ४, कारण तो चौथ्या प्रकारचा. खरोखर यदृच्छेचे बिट १२२. त्यातही माणसाने वाचायचा कोड असेल, तर पट्टीतून शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘एल’ अशी जुळी भावंडं काढून टाकणं शहाणपणाचं.

संध्याकाळी रेवाने विचारलं, "मामा, मराठी अक्षरांची माळ केली तर?" केली. देवनागरीच्या सगळ्या चिन्हांतून उचलायला सांगितलं, आणि पडद्यावर आली लटकलेली वेलांटी, तिच्याखाली टिंबांचं वर्तुळ, मग एक अनाथ हलंत. कारण जावाच्या नजरेत काना-मात्रा हीही स्वतंत्र चिन्हंच आहेत. ‘महाराष्ट्र’ आपण चार अक्षरांत म्हणतो. जावाला लांबी विचारली तर ती दहा सांगते, त्यात दोन काने आणि दोन हलंतही मोजलेले. क ते ह एवढ्याच चिन्हांतून उचललं, तेव्हा कुठे वाचता येईल अशी माळ आली.

त्यावरून तिला पुन्हा तो न येणारा शब्द आठवला. रँडमच्या सगळ्या बिया तपासायच्या तर किती वेळ? सेकंदाला एक कोटी तपासल्या तर जवळपास अकरा महिने. मग नक्की कळेल, आहे की नाही. आणि सिक्युअररँडमला तो शब्द म्हणायला लावायचा तर? तिथे तो नाही असं कधीच म्हणता येत नाही. सेकंदाला एक कोटी माळा काढल्या तर सरासरी पावणेपाचशे वर्षं लागतील. मोजून आज संपवायचं तर शिवाजी महाराजांच्या जन्माच्या पुष्कळ आधीपासून बसायला हवं होतं.

"पण पहिल्याच सेकंदात पण येऊ शकतो ना?"

येऊ शकतो, मी म्हटलं.

तिने प्रोग्राम चालू केला, चार्जर शोधून प्लगमध्ये लावला, आणि लॅपटॉपचं झाकण तसंच उघडं ठेवून जेवायला आली.